काळ्या मातीतलं फायबरचं तळं

आमच्या बागेतलं तळं गळायचं तेव्हा येणारा-जाणारा आत डोकावून पाहायचा. प्लास्टर पाहायचा, तळ पाहायचा, कोपऱ्यात बोट घालायचा आणि एखादं केमिकल सुचवून निघून जायचा. बाहेर कुणी पाहत नव्हतं. बाहेर, तळ्याच्या काठाला लागून, मे महिन्यात जमिनीला अशी भेग पडायची की माझा हात मनगटापर्यंत सहज आत जायचा.

काळ्या मातीवर घर बांधलेल्या नागपूरकराला हे समजावून सांगावं लागत नाही. पावसाळ्यात फाटक खालून घासतं, उन्हाळ्यात तेच मोकळं होतं. कंपाउंडच्या भिंतीला जिन्यासारखी तिरपी चीर जाते. बाथरूमची टाइल एक दिवस कारण नसताना फुटते. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याच्या थरांच्या मधे पाणी शिरलं की माती फुगते, पाणी गेलं की आक्रसते. ओझं वर असो की नसो, ती हलणारच. रुरकीच्या सीबीआरआय या बांधकाम संशोधन संस्थेने याच मातीसाठी अंडर-रीम्ड पाइल काढले, म्हणजे खाली फुगवटा असलेले, जमिनीत खोल जाणारे पायाचे खांब. बागेतल्या तळ्याखाली मात्र पाइल कोण घालतं? दगडाचं सोलिंग, त्यावर काँक्रीटचा पातळ थर, विटांच्या भिंती आणि प्लास्टर, झालं तळं.

आमचं तळं आठ फूट बाय पाच फूट, दोन फूट खोल. आमच्या लेआउटमध्ये घर बांधलं तेव्हाच गवंड्याने उरलेल्या विटांत बांधून दिलं होतं. पहिला पावसाळा छान गेला. पहिला उन्हाळा आला आणि ईशान्येच्या कोपऱ्यातून एक तिरपी चीर निघाली. मग एका वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावलं. त्याने ब्रशने दोन हात केमिकल मारलं, पाच वर्षांची गॅरंटी लिहून दिली आणि पुढच्या उन्हाळ्यात चीर तिथूनच, त्याच्या केमिकलसकट, पुन्हा उघडली. गॅरंटीच्या कागदावर खाली बारीक अक्षरांत होतं, की बांधकामाला गेलेल्या तड्यांना ती लागू नाही. म्हणजे तडा जाईपर्यंतच गॅरंटी होती.

मी अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवायचे. रिटायर झाल्यावर पहिलं काम हे हातात घेतलं. नवऱ्याचं मत होतं की त्यात माती भरून गुलाब लावावेत. सासूबाईंचं मत वेगळं. त्या साकोलीकडच्या. त्यांच्या माहेरच्या गावाला मालगुजारी तलाव आहे, सगळे त्याला मामा तलाव म्हणतात. कोहळी समाजाने बांधलेले असे तलाव भंडारा-गोंदियात गावोगावी दिसतात, आणि ते बांधताना सिमेंटचा कण वापरलेला नाही. त्या म्हणाल्या, "धानाच्या बांधीत पानी कसं थांबते? चिखल तुडवतेत म्हनून. तुमाले सिमेंट कायले पाहिजे?" तत्त्व अगदी बरोबर आहे. चिखलणीने मातीतली छिद्रं बुजतात आणि पाणी खाली जायचं थांबतं. पण बांधी उन्हाळ्यात कोरडी पडते तेव्हा तीही फाटतेच, आणि तेव्हा तिच्यात मासे नसतात. हे मी त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "मंग मासे कायले पाहिजे?" या प्रश्नाला केमिस्ट्रीत उत्तर नव्हतं.

आधी एक गोष्ट ठरवायची होती. पाणी खरंच गळतंय, की उडतंय? नागपूरच्या मे महिन्यात उघड्या पाण्याची वाफ किती होते याचा लोकांना अंदाज नसतो. कूलरमध्ये रात्री भरलेलं पाणी सकाळी कुठे जातं ते दिसतं, तळ्याचं मात्र सगळं गळतीच्या खात्यात जमा होतं. उपाय सोपा आहे. एक प्लास्टिकची बादली तळ्यातच विटांवर ठेवायची, तिच्यात तळ्याइतक्याच पातळीपर्यंत पाणी भरायचं. बादलीच्या आत एक खूण, तळ्याच्या भिंतीवर एक खूण. मी नेलपॉलिश वापरलं, पाण्याने पुसत नाही. चोवीस तासांनी दोन्ही पाहायच्या. ऊन दोघांना सारखं, वारा सारखा, तेव्हा बादलीत जेवढं कमी झालं तेवढी वाफ, आणि तळ्यात त्याहून जेवढं जास्त कमी झालं तेवढी गळती. आमच्याकडे बादलीत सेंटिमीटरभर उतरलं होतं, तळ्यात चार सेंटिमीटरच्या वर.

मग तळं भरायचं बंद केलं आणि पाणी कुठवर उतरतं ते पाहिलं. तळापासून वीतभर उंचीवर येऊन ते जवळपास थांबलं. म्हणजे गळती त्या पातळीला किंवा तिच्या जरा वर. इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये खायचा लाल रंग घेऊन त्या चिरेजवळ हळूच सोडला, तर रंगाची रेघ वाकून चिरेत ओढली गेली. नातवाला हा प्रयोग इतका आवडला की त्याने उरलेला रंग तळ्यात ओतला.

चीर सापडली म्हणून ती भरायला धावायचं नव्हतं, कारण ती जिवंत चीर होती. उन्हाळ्यात उघडायची, पावसाळ्यात मिटायची. शिवाय चक्र असं होतं की गळालेलं पाणी त्याच कोपऱ्याबाहेरची माती भिजवायचं, तिथली माती फुगायची, बाकीच्या तीन बाजूंची कोरडीच राहायची, आणि भिंत आणखी पिळली जायची.

म्हणून सुरुवात बाहेरून. तळ्याभोवती दीड फूट रुंद चर खणला, पायापर्यंत. काळी माती काढून टाकली आणि मुरूम भरला, थराथराने पाणी मारत धुमसून. मुरूम फुगत नाही. वर बाहेरच्या बाजूला उतार देऊन फरशी बसवली, म्हणजे पावसाचं पाणी भिंतीलगत मुरणार नाही. शेजारच्या लॉनला नळी सोडून ठेवायची सवय बंद केली. हे मे महिन्यात केलं आणि मुद्दाम एक पूर्ण पावसाळा जाऊ दिला. जमिनीला काय बसायचं, काय उठायचं ते उठून घेऊ दे, मग आत हात लावू.

आत काय लावायचं यावर मी फार वेळ घालवला नाही. शेततळ्याला घालतात तो पाचशे मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद चांगला असतो, मोठ्या तळ्याला मी तोच सांगेन. आठ बाय पाचच्या चौकोनी हौदात मात्र त्याच्या कोपऱ्यांत घड्या पडतात, घडीत घाण साचते, आणि आमच्याकडे बोके आहेत. डांबर उन्हात वितळतं आणि माशांच्या तळ्यात मला ते नको होतं. सिमेंटमधलं लवचीक कोटिंग आम्ही एकदा भोगलं होतं. राहिलं फायबर. हिंगणा एमआयडीसीत फायबरच्या टाक्या, कूलरच्या बॉड्या, बागेतले प्राणी करणारे कारखाने आहेत, तेव्हा कारागीर मिळणार होता. मिळाला तो कूलरच्या बॉड्या करणारा, हाताचा फार स्वच्छ माणूस.

आम्ही त्याला सरसकट फायबर म्हणतो, पण त्यात काचेचे तंतू आणि पॉलिएस्टर रेझिन अशा दोन वस्तू आहेत. काच ताण घेते, रेझिन तिला धरून ठेवतं आणि पाणी अडवतं. ही जोडी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानं आणि होड्यांमुळे पुढे आली, आणि १९५३ साली शेव्हरलेने कॉर्व्हेट नावाच्या मोटारीची अख्खी बॉडी याच पद्धतीने करून बाजारात आणली. माझा मुलगा ही माहिती मिस्त्रीला सांगत होता. मिस्त्री म्हणाला, "मंग तिचा पत्रा सडत नसंल."

दुकानात दोन प्रकारचं रेझिन मिळतं. जीपी म्हणजे जनरल पर्पज, ते स्वस्त; आयसो म्हणजे आयसोफ्थॅलिक, ते महाग. कूलरच्या बॉडीला जीपी चालतं. कायम पाण्यात राहणाऱ्या वस्तूला आयसो घ्यावं, आणि सिमेंटवर बसवायचं असेल तर नक्कीच घ्यावं. कारण साधं आहे. पॉलिएस्टर हे नावाप्रमाणेच एस्टर आहे. एस्टरला अल्कली आणि पाणी मिळालं की तो तुटतो. साबण याच क्रियेने बनतो, तिला सॅपोनिफिकेशन म्हणतात. ताजं सिमेंट भरपूर अल्कधर्मी असतं. तेव्हा नवं प्लास्टर केलंत तर त्याला पूर्ण अठ्ठावीस दिवस द्या, आणि मग वाळू द्या. आमचं प्लास्टर जुनं होतं, नवीन होता तो फक्त चिरेजवळचा तुकडा. तिथे पाण्याचा थेंब टाकून पीएच पेपर लावून पाहिला, मगच पुढे गेले. ओलावा पाहायची युक्ती त्याहून सोपी. प्लास्टिकचा हातभर तुकडा चारी बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवायचा आणि रात्रभर ठेवायचा. सकाळी आतून दहिवर दिसलं तर भिंत अजून ओली आहे.

मापं सांगते, म्हणजे कुणाला हिशेब करता येईल. तळ आणि चार भिंती मिळून ब्याण्णव चौरस फूट, काठावर सहा इंच वळवायचं धरलं तर साधारण एकशे पाच, म्हणजे दहा चौरस मीटरच्या आसपास. काचेच्या तंतूंची साडेचारशेची मॅट घेतली, म्हणजे चौरस मीटरला साडेचारशे ग्रॅम. दोन थर म्हणजे नऊ किलो, एकावर एक चढवायला आणि वाया जायला धरून दहा. अशा मॅटला वजनाच्या अडीच पट रेझिन लागतं, म्हणजे पंचवीस किलो, आणि खालचा प्रायमरचा हात व वरचा शेवटचा हात धरून आणखी दहा. साडेचारशेचा एक थर जेमतेम एक मिलिमीटर जाड होतो. दोन मिलिमीटर ऐकायला कमी वाटतं, पण दोन हजार लिटर पाण्याचं ओझं पेलायला खाली काँक्रीट आणि बाजूला विटा आहेतच. फायबरने फक्त पाणी धरायचं आहे.

दिवस कोणते निवडावेत हा नागपुरात सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. पावसाळ्यात दमट हवा, भिंत ओली, काम बाद. एप्रिल-मेमध्ये रेझिन डब्यातच जमतं. मग लोक हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारं द्रव, कमी टाकतात, की वेळ मिळेल. असं करू नये. हार्डनर वजनाच्या एक टक्क्याच्या खाली गेला तर रेझिन वरून घट्ट वाटतं, पण आतून कधीच पूर्ण पिकत नाही, आणि न पिकलेलं रेझिन पाण्यात स्टायरिन, म्हणजे त्याला पातळ ठेवणारं रसायन, सोडत राहतं. उष्णतेवर तोड म्हणजे छोटे डबे, सकाळची वेळ आणि वर ग्रीन नेट. आम्ही संक्रांत होऊन गेल्यावर, थंडी जरा सैल झाली तेव्हा काम काढलं. सकाळी दव सुकलं की सुरू, दुपारी दीडपर्यंत बंद.

आता धोक्याचं. हार्डनर म्हणजे मिथाइल इथाइल किटोन पेरॉक्साइड, पाण्यासारखं दिसणारं द्रव. दुसरी बाटली असते कोबाल्टची, जांभळी. रेझिनमध्ये दोन्ही लागतात, पण ते एकमेकांत थेट कधीही ओतायचे नाहीत. भडका उडतो, स्फोट होऊ शकतो. मी दुकानदाराकडून कोबाल्ट आधीच मिसळलेलं रेझिन घेतलं, म्हणजे घरात जांभळी बाटली आलीच नाही. तुम्हीही तेच करा. पेरॉक्साइडचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चश्मा लावा, आणि पाण्याची भरलेली बादली हाताशी ठेवा. मिस्त्री इतकी वर्षं चश्म्याशिवाय काम करत होता. मी शाळेच्या प्रयोगशाळेत वापरायचे तसले दोन गॉगल आणून ठेवले आणि सांगितलं, हे घातल्याशिवाय चहा मिळणार नाही. नाकाचं तसंच. आपल्याकडच्या पोरी स्कूटीवर तोंडाला स्कार्फ गुंडाळतात, तो उन्हाला आणि धुळीला ठीक. स्टायरिनची वाफ त्यातून आरामात जाते. करोनात उरलेले मास्कही कामाचे नाहीत. वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्या लावलेला मास्क लागतो.

मिस्त्रीचं आणि माझं एकदाच वाजलं, ते चिरेवरून. ग्राइंडरने जुनं केमिकल सगळं खरवडून काढलं होतं, कारण रेझिन त्याला धरलं असतं आणि ते भिंतीला धरलं नसतं. धूळ ब्रशने झाडून झाली होती. स्टायरिन घालून पातळ केलेल्या रेझिनचा पहिला हात मारायचा, एवढ्यात मी चिरेवर सहा इंच रुंदीत पार्सलची खाकी टेप लावायला लागले.

"हे कायले लावून राहिल्या ताई? तिथंच तं चिपकलं पाहिजे."

"तिथंच चिकटायला नको आहे, भाऊ."

त्याला वाटलं मास्तरणीच्या डोक्यात ऊन गेलं. पाटी नव्हती, फरशीवर खडूने हिशेब मांडला. चीर उन्हाळ्यात एक मिलिमीटर उघडते असं धरा. फायबर दोन्ही काठांना घट्ट चिकटलेलं असेल तर तो एक मिलिमीटरचा ताण चिरेच्या ओठावरच येणार, तिथे ताणायला जागाच नाही, तुटणारच. पण चिरेच्या आजूबाजूला दीडशे मिलिमीटर फायबर सुटं असेल तर तोच एक मिलिमीटर दीडशेत वाटला जाईल. एक टक्क्याच्या आत. रेझिन त्या टेपला धरत नाही, म्हणूनच टेप. वर एक पट्टी जास्तीची मॅट घालू. तो बराच वेळ खडूकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "कूलरमधी पाय तुटते ते यानंच." कूलरचा पाय बॉडीला जिथे टोकदार जोडतात तिथेच तडा जातो, हे त्याने शेकडो वेळा पाहिलं होतं. त्याने स्वतःहून टेप आणखी दोन बोटं लांब नेली.

माझ्या मते हेच या सगळ्या कामाचं गुपित आहे. फायबर भिंतीवरचा रंग आहे असं समजून काम केलं की ते भिंतीचं नशीब भोगतं. त्याला स्वतःचं भांडं व्हायला मोकळीक द्यायची.

कोपरे. मॅटला काटकोन आवडत नाही. ती कोपऱ्यात पूर्ण बसत नाही, मागे हवा राहते आणि तिथेच पुढे फुटते. म्हणून रेझिनमध्ये टाल्क पावडर कालवून पुट्टी केली आणि सगळ्या कोपऱ्यांना, खाली तळाच्या कडेलाही, काचेची बाटली फिरवून गोलाई दिली. मॅटचे तुकडे कात्रीने कापले नाहीत, हाताने फाडले. कापलेली कड सरळ आणि जाड राहते, फाडलेल्या कडेचे तंतू विस्कटलेले असतात, ते शेजारच्या तुकड्यात मिसळून जातात आणि जोड हाताला लागत नाही. दोन इंच एकावर एक. दुसऱ्या थराचे जोड पहिल्याच्या जोडांवर येऊ द्यायचे नाहीत.

मग खरं काम. एका वेळी किलोभरच रेझिन, त्यात दहा-बारा ग्रॅम हार्डनर, तोही काट्यावर मोजून. मिस्त्री झाकणाने मोजायचा. अंदाज त्याचा बरोबर असायचा हे मान्य, पण त्याची झाकणं वेगवेगळ्या बाटल्यांची होती. आधी भिंतीला रेझिन, त्यावर मॅट, वरून पुन्हा रेझिन, ब्रश घासायचा नाही, टोचत जायचं. पांढरी मॅट भिजत जाते तशी शिजणाऱ्या साबुदाण्यासारखी पारदर्शक होते. दिसायला फार सुंदर. जिथे पांढरं राहिलं तिथे हवा आहे किंवा रेझिन पोचलेलं नाही. खाचांच्या लोखंडी रोलरने ती हवा काठाकडे ढकलत न्यायची. भिंतीवर हे सगळं खाली ओघळतं, त्यामुळे भिंत आधी, तळ शेवटी, आणि आपण आत अडकून राहणार नाही असं बेतून. माझ्याकडे रोलर आणि काटा होता, मिस्त्रीकडे ब्रश, मुलाकडे मॅटचे तुकडे पुरवणं. नवरा गुलाबांची चौकशी करायला नर्सरीत गेला होता.

डब्यात उरलेलं रेझिन तसंच ठेवायचं नाही. पातळ थरात उष्णता निघून जाते, डब्यात ती साठते. अर्धा किलो उरलेला एक डबा धुरायला लागला तेव्हा मिस्त्रीने तो शांतपणे उचलून वाळूच्या ढिगात पालथा केला. प्लास्टिकचा डबा वाकडा झाला होता. ॲसिटोनने पुसलेल्या चिंध्याही गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत.

दोन्ही थर ओल्यावर ओले गेले, म्हणजे पहिला जेमतेम घट्ट झाला की दुसरा. दुसऱ्या दिवशी हात लावला तर वरचा पापुद्रा चिकट. हे बिघडल्याचं लक्षण नव्हे. पॉलिएस्टरचा हवेला लागलेला थर ऑक्सिजनमुळे पूर्ण पिकत नाही. म्हणूनच सर्वांत वरच्या हातात थोडं मेण विरघळवतात. मेण वर तरंगून येतं आणि हवेला अडवतं. ते शेवटच्याच हातात घालायचं, कारण मेणावर पुढचा थर धरत नाही. रंग मी काळसर हिरवा निवडला. निळ्या रंगात तळं स्विमिंग पुलाच्या पिल्लासारखं दिसतं, असं मुलीने व्हिडिओ कॉलवर सांगितलं, आणि ते बरोबर होतं.

तपासणीला आठ आण्याचं जुनं नाणं घेतलं. सगळीकडे टकटक करत जायचं. भरीव आवाज म्हणजे धरलंय, पोकळ आवाज म्हणजे मागे हवा. टेपच्या पट्टीवर पोकळ वाजणारच होतं. दुसरी परीक्षा ॲसिटोनची. चिंधी भिजवून घासली आणि पृष्ठभाग चिकट झाला तर अजून कच्चं आहे.

इथे मात्र नागपूरच्या उन्हाने उपकार केले. थंड देशांत फायबरच्या तळ्याला पिकायला आठवडे द्यावे लागतात. आम्ही ग्रीन नेट काढलं आणि रिकामं तळं फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात तसंच पडू दिलं. दुपारी आत हात टेकवत नव्हता. उष्णतेने राहिलेलं स्टायरिन जोडलं जातं, किंवा उडून जातं. आधी दुपारभर बागेत गोंदासारखा वास यायचा, होळीच्या सुमारास तो गेला. मग तळं भरून ठेवलं, उपसलं, पुन्हा भरलं, पुन्हा उपसलं. ते पाणी झाडांना घातलं नाही. मासे सोडायची गोष्ट निघाली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आधी तू पिऊन पाय." मी नाही प्याले. चार गप्पी सोडले, ते टिकले, मग बाकीचे.

पाणी पेंच धरणाचं, नळाचं. त्यात क्लोरीन असतो, म्हणून भरल्यावर दोन दिवस उन्हात राहू दिलं. कुंडीतली कुमुदिनी उतरवली, वर्षभर बादलीत तग धरून होती ती. अर्ध्या तळ्यावर सावलीसाठी नेट कायम ठेवलंय, कारण गडद रंगाचं उथळ तळं नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत, माशांना शिजवायला कमी करणार नाही.

तळाला ड्रेनचं भोक ठेवावं असं मिस्त्रीचं म्हणणं होतं. मी ठेवलं नाही. रेझिन पीव्हीसी पाइपला नीट धरत नाही. वायसर, फ्लँज, बोल्ट असं सगळं घालावं लागतं आणि मग गळतीची तेवढी एक जागा आपणच करून ठेवतो. उपसायचं असेल तेव्हा नळी लावून ओढून काढते. जास्तीचं पाणी जायला काठावरच एक खाच ठेवली आहे. आणि पावसाळ्यात तळं रिकामं ठेवायचं नाही, हे आता घरात सगळ्यांना पाठ आहे. बाहेरच्या मुरुमात पाणी चढलं आणि आत वजन नसलं तर ते फायबरला खालून उचलू पाहतं.

पाऊस पडून गेला, ऑक्टोबर हीटही गेली. बादली पुन्हा विटांवर ठेवून पाहिली, नेलपॉलिशच्या खुणा दोन्हीकडे सारख्याच उतरल्या. चिरेच्या जागी आतून काही दिसत नाही. बाहेरच्या भिंतीवर ती अजून आहे, केसाएवढी, आणि येत्या मे महिन्यात उघडेल असंच धरून चालले आहे. डेंग्यूच्या दिवसांत महापालिकेची माणसं कूलर तपासायला आली, त्यांनी तळं पाहून कपाळाला आठ्या घातल्या. कोरडा दिवस पाळता का, म्हणाले. गप्पी दाखवले. टॉर्च मारून अळी शोधली, सापडली नाही. कूलरमध्ये मात्र सापडली, त्याबद्दल नवऱ्याने बोलणी खाल्ली.

उरलेली मॅट त्या कूलरलाच लागली. खालचा पत्र्याचा ट्रे गंजून गळत होता. मिस्त्रीने घासून, गंज काढून, एक थर मारून दिला, पैसे घेतले नाहीत. हार्डनर थोडा उरला होता. तो ठेवून घ्या, पुढे कामी येईल, असं तो म्हणत होता. पत्र्याच्या छपराच्या स्टोअररूममध्ये मे महिन्यात पेरॉक्साइड ठेवणं मला जमणार नव्हतं. बाटली बूच लावून, पिशवीत उभी धरून, त्याच्याच स्कूटरच्या पुढच्या जागेत ठेवून दिली.